पालखी मुक्काम आणि ज्येष्ठ वारकरी

आषाढी वारीत पायी चालणाऱ्या वारकऱ्यांच्या रात्रीच्या वस्तीस मुक्काम आणि पालखी जेथे विसावते त्या जागेस पालखीतळ असे म्हणतात. दिंड्या तळावर किंवा जवळच्या शेतात तंबू व राहुट्या उभारतात. काही दिंड्या शाळा, मठ, धर्मशाळा किंवा ग्रामस्थांच्या घरी उतरतात. वारीत वृद्ध स्त्री-पुरुषांचा सहभाग मोठा असल्याने मुक्कामाची जागा त्यांना कितपत सोयीची आहे, हा प्रश्न आरोग्य आणि सुरक्षितता या दोहोंशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

संत ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून, तर संत तुकारामांची पालखी देहूहून निघते. ज्ञानेश्वरांच्या पालखीचे मुक्काम पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव व वाखरी असे असतात. याखेरीज पैठणहून संत एकनाथांची, त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तीनाथांची आणि मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी येते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर अंबड व जालना येथून जाते.

टप्प्यांचे स्वरूप

सर्व टप्पे सारखे नसतात. पुणे ते सासवड ही वाटचाल सुमारे ३० किलोमीटरची असून तीत दिवे घाटाची चढण लागते. लोणंद ते तरडगाव हा टप्पा त्या मानाने आखूड आहे. पुणे व सासवड येथे पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा असल्याने तेथे विश्रांतीस अवधी मिळतो. ज्यांना संपूर्ण वाट चालणे शक्य नसते, असे अनेक वारकरी अवघड टप्पा वाहनाने पार करून पुढच्या मुक्कामी दिंडीस मिळतात. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या गाड्यांत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना विनामूल्य, तर ६५ ते ७५ वर्षे वयाच्या नागरिकांना अर्ध्या भाड्यात प्रवास करता येतो.

मुक्कामाच्या जागेचे निकष

वृद्धांसाठी जागा निवडताना पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात.

* *जमीन :* आषाढात पाऊस असतो. काळ्या मातीच्या शेतात चिखल होऊन पाय घसरतो. किंचित उंचवट्याची, मुरमाड व पाण्याचा निचरा होणारी जागा अधिक सुरक्षित असते. तंबूचे ताण दिलेले दोर व खुंट्या अंधारात अडखळण्याचे कारण ठरतात. त्यामुळे ये-जा करण्याची वाट मोकळी आणि उजेडाची असावी लागते.
* *शौचालय :* रात्री लघवीसाठी उठावे लागणे वृद्धापकाळी सामान्य आहे. शौचालय दूर असेल, तर अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, पाणी कमी पितात. त्यातून निर्जलीकरण, चक्कर व मूत्रमार्गाचा संसर्ग संभवतो. अंतराइतकीच रचनाही महत्त्वाची असते. फिरत्या शौचालयाच्या उंच पायऱ्या आणि भारतीय पद्धतीचे भांडे गुडघेदुखी असलेल्यांस त्रासदायक होते. धरावयास दांडी किंवा कमोडची खुर्ची असल्यास हा त्रास कमी होतो.
* *अंथरूण :* जमिनीवरून उठणे कठीण असणाऱ्यांना खाट, बाक किंवा ओटा असलेली शाळा अथवा धर्मशाळा तंबूपेक्षा सोयीची पडते. ओलीपासून बचावासाठी सतरंजीखाली ताडपत्री अंथरतात.
* *प्रवेशमार्ग :* चाकांच्या खुर्चीसाठी उतरण १:१२ पेक्षा तीव्र नसावी, असा भारतातील सुगम्य बांधकामाचा निकष आहे. रुग्णवाहिका राहुटीजवळ पोहोचू शकेल इतकी वाट मोकळी ठेवणे तितकेच आवश्यक असते.
* *औषधोपचार :* मधुमेह व रक्तदाबाची औषधे सामानाच्या ट्रकमध्ये न ठेवता जवळ बाळगणे हितावह असते, कारण ट्रक दिंडीच्या आधी किंवा नंतर पोहोचतो. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध असते.

पंढरपूर येथील व्यवस्था

पूर्वी अनेक दिंड्या चंद्रभागेच्या वाळवंटात तंबू ठोकत. नदीचे प्रदूषण व अस्वच्छता यांबाबतच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर पैलतीरावरील ६५ एकर परिसरात दिंड्यांना जागा दिली जाऊ लागली. तेथे पाणी, वीज व शौचालये पुरवली जातात. तथापि मंदिरात जाण्यासाठी पूल ओलांडून गर्दीतून चालावे लागते. एकादशीच्या दीर्घ दर्शनरांगेत उभे राहणे शक्य नसणारे वारकरी मुखदर्शन किंवा कळसदर्शनावर वारी पूर्ण झाल्याचे मानतात.

पालखी महामार्ग

८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्ञानेश्वर व तुकाराम पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. या मार्गांच्या दोन्ही बाजूंस पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट योजली आहे. तिच्यामुळे वाहनांपासूनचा धोका कमी होण्यास मदत होते. मात्र रस्त्यापासून राहुटीपर्यंतचे शेवटचे अंतर सुगम्य करणे हे तळाच्या आखणीवरच अवलंबून राहते.

मर्यादा

तळावरील जागा दिंड्यांमध्ये वाटली जाते. त्यामुळे व्यक्तीस स्वतंत्रपणे जागा निवडण्यास फारसा वाव नसतो. प्रत्यक्षात निवड होते ती दिंडीची. दिंडीत नाव नोंदवण्यापूर्वी राहुटीतील माणसांची संख्या, शौचालयाची सोय आणि थकलेल्यांसाठी वाहन यांची चौकशी करणे म्हणूनच निर्णायक ठरते.