उपग्रहाचं चित्र विकत कोण घेतं?

जालन्यात बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या माझ्या मामांनी दिवाळीत एका दूरसंवेदन कंपनीचा वार्षिक अहवाल पुढ्यात टाकला. "शेअर घेऊन दोन वर्षं झाली. करारांच्या बातम्या येतात, भाव तिथंच. कंपनी पुढं चाललीय का?" भाचा पीएचडी करतोय म्हणजे त्याला सगळं येतं, हा घरोघरचा समज. भावाचं मला काही सांगता येईना, म्हणून इतिहास सांगितला. संशोधनाला लागणार असाल तर तुम्हीही ऐका.

पहिला लँडसॅट 23 जुलै 1972 ला सुटला, मराठवाडा दुष्काळात होरपळत होता त्याच वर्षी. (जालना जिल्हा व्हायला अजून नऊ वर्षं होती.) चित्रं सरकारी होती. 1984 मध्ये अमेरिकेनं कायदा करून विक्री खासगी हाती सोपवली आणि ह्यूज व आरसीए यांची इओसॅट कंपनी आली. एका चित्राची किंमत 4,400 डॉलरपर्यंत चढली. गिऱ्हाइकांची रांग काही लागली नाही, उलट विद्यापीठांनी हात आखडता घेतला. 1992 च्या कायद्यानं लँडसॅट पुन्हा सरकारकडे गेला. पुढे 2008 मध्ये चित्रं फुकट झाली, तेव्हा मागणी हजारांतून लाखांत गेली. म्हणजे बघा, चित्रं हवी होती सगळ्यांनाच, पैसे मोजायला तयार होते थोडे.

का, ते जालन्याच्या रानात उभं राहिलं की कळतं. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, म्हणजे साधारण 9 गुंठे. दोन एकरांत कपाशी आणि मध्ये तुरीचे तास असतील तर सगळं रान मिळून नऊ ठिपके. त्यावरून शेतकऱ्याला काय विकणार? बारीक चित्रं महाग पडतात, आणि ती परवडणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे लष्कर नि गुप्तचर खाती. 2012 मध्ये अमेरिकी सरकारनं या खरेदीवरचा खर्च आटवला. जानेवारी 2013 मध्ये जिओआय कंपनी डिजिटलग्लोबमध्ये विलीन झालेली दिसते.

छोटा गुंतवणूकदार या धंद्यात मोठ्या संख्येनं आला तो अलीकडे. 2021 मध्ये प्लॅनेट आणि ब्लॅकस्काय या कंपन्या बाजारात आधीच नोंदलेल्या रिकाम्या कंपन्यांत विलीन होऊन न्यूयॉर्कच्या बाजारात उतरल्या. व्यवहारात शेअर 10 डॉलरचा धरला होता. 2022 च्या अखेरीस दोन्हींचा भाव त्याच्या निम्म्याखाली होता.

तुमच्या कामाचं सांगतो. कंपनीचं प्रसिद्धीपत्रक आणि वार्षिक अहवाल शेजारी ठेवून वाचा. पत्रकात कराराची कमाल रक्कम असते, अहवालात प्रत्यक्ष आलेला पैसा. अमेरिकी कंपन्यांचे अहवाल तिथल्या रोखे आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यात सरकारी गिऱ्हाइकांचा वाटा शोधा, आणि जुन्या गिऱ्हाइकांनी करार पुन्हा केला का तेही.

मामांच्या अहवालात आम्ही हेच केलं. आदल्या वर्षी फोटोसकट छापलेलं एक मोठं गिऱ्हाईक यंदा कुठंच नव्हतं. मामांनी वार्षिक सभेआधी कंपनीला चार ओळींचं पत्र धाडलंय. अजून उत्तर नाही.