समुद्रावरील मौन

समुद्रावर गेलेल्या माणसाची खबर घरीं पोंचावयास पूर्वीं महिने लागत. आणि तो बुडाला तर ती कधींच येत नसे. जोशुआ स्लोकम हा कप्तान १८९५ मध्यें बोस्टनहून ‘स्प्रे’ नांवाच्या लहानशा होडींतून निघाला व एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून १८९८ मध्यें परतला. बंदरास लागला कीं तो पत्रें पाठवी; मधल्या काळांत तो जिवंत आहे कीं नाहीं हें त्याचें त्यालाच ठाऊक. पुढें कांहीं वर्षांनीं तो त्याच होडींतून पुन्हां निघाला. त्याचें काय झालें तें आजवर कोणास कळलेलें नाहीं.

आज भर महासागरांतल्या होडींतून ई-मेल जातो, हवामानाचा नकाशा येतो, आणि घरच्या मुलांचीं तोंडेंही दिसतात. ही केवळ सोय झाली असें पुष्कळ लोक समजतात. आमचें मत थोडें निराळें आहे. खलाशाचें बोलणें किनाऱ्यावर ऐकूं येऊं लागलें, तेव्हांपासून त्याच्या न बोलण्यालाही अर्थ आला. ह्या दोहोंचा झगडा १९६८-६९ च्या एका शर्यतींत जितका स्पष्ट दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसेल.

लंडनच्या ‘संडे टाइम्स’ पत्रानें जाहीर केलेली ही ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत होय. एकट्यानें, कोठेंही बंदरास न लागतां, कोणाची मदत न घेतां पृथ्वीला फेरी घालावयाची. नऊ जण निघाले. त्यांपैकीं रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्याची ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी सागवानी होडी आपल्या मुंबईस बांधलेली होती, हें ऐकून वाचकांस बरें वाटेल. १४ जून १९६८ रोजीं फाल्मथहून निघाल्यावर त्याचें बिनतारी यंत्र वाटेंत बिघडलें. नोव्हेंबरांत तो न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ दिसला. त्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ त्याचा शब्द नाहीं. त्याच्या जिवाची आशा अनेकांनीं सोडली. एप्रिलच्या आरंभीं अझोर्स बेटांच्या पश्चिमेस एक तेलवाहू जहाज भेटलें, तेव्हां दिव्याच्या उघडझापीनें त्यानें आपलें नांव कळविलें. २२ एप्रिल १९६९ रोजीं, ३१२ दिवसांनीं, तो फाल्मथला परतला. पुरी फेरी करून परतलेला तो एकटाच.

बर्नार मॉयतेसिए ह्या फ्रेंच गृहस्थानें तर बिनतारी यंत्र घेण्याचेंच नाकारलें. फिल्मच्या डबींत चिठ्ठी घालून ती तो गलोलीनें जवळून जाणाऱ्या जहाजावर फेंकी. जिंकण्याचा पुरा संभव असतां मार्च १९६९ मध्यें केपटाउनजवळ त्यानें अशीच एक चिठ्ठी फेंकली: आपण इंग्लंडास येत नाहीं, असेच पुढें पॅसिफिककडे जात आहों. जूनमध्यें तो ताहितीस पोंचला. त्याच्या ह्या वैराग्याचें कौतुक आम्हींही तरुणपणीं केलें आहे. परंतु फ्रान्समध्यें त्याची पत्नी वाट पाहत होती, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

तिसऱ्याची कथा ह्या दोघांहून दुःखद आहे. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा स्वतः विद्युद्यंत्रांचा जाणकार. नाविकांस दिशा दाखविणारें रेडिओ-यंत्र तो बनवी. होडी पुरती तयार नसतां तो मुदतीच्या शेवटच्या दिवशीं, ३१ ऑक्टोबर १९६८ रोजीं, निघाला. दक्षिणेच्या समुद्रांत ती टिकणार नाहीं हें त्याला लौकरच उमगलें. पण परतावें तर कर्ज आणि नाचक्की. मग त्यानें खोट्या मजलांच्या तारा धाडण्यास आरंभ केला. डिसेंबरांत एका दिवसांत २४३ मैल काटल्याचें त्यानें कळविलें आणि वर्तमानपत्रांनीं तें छापलें. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तो गप्प राहिला. जग समजलें कीं तो हॉर्न भूशिराकडे चालला आहे. वस्तुतः तो अटलांटिक सोडून कोठेंच गेला नव्हता. नॉक्स-जॉन्स्टनचें मौन यंत्राच्या मोडीचें, मॉयतेसिएचें स्वेच्छेचें, आणि ह्याचें मात्र बनावटीचें. किनाऱ्यावरून तिन्ही सारखींच दिसत होतीं!

त्या खोट्या शब्दांनीं दुसऱ्या एकाचा घात केला. क्रोहर्स्ट मागून वेगानें येत आहे ह्या समजुतीनें नायजेल टेटली ह्यानें आपली खिळखिळी झालेली होडी ताणली आणि मे १९६९ मध्यें ती अझोर्सजवळ बुडाली. तो स्वतः वांचला. आतां सर्वांत कमी दिवसांचा मान क्रोहर्स्टकडे येणार, म्हणजे त्याच्या नोंदवह्या तपासल्या जाणार. किनाऱ्यावर स्वागताची तयारी चालली होती. १० जुलैला ‘पिकार्डी’ जहाजाला त्याची होडी आढळली. आंत माणूस नव्हता. खऱ्या मुक्कामांच्या नोंदी मात्र तेथेंच होत्या, त्यामुळें सत्य बाहेर पडलें. नॉक्स-जॉन्स्टननें आपल्या बक्षिसाचे पांच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. विसाव्या शतकाच्या अखेरीस लघुलहरींच्या रेडिओवरून होडींतले लोक ई-मेल पाठवूं लागले. गति इतकी मंद कीं पत्र तारेसारखें तोलून लिहावें लागे. १९९८ मध्यें ‘इरिडियम’चे उपग्रह कामास लागले आणि २०२२ पासून ‘स्टारलिंक’नें इंटरनेट जहाजांवर आणलें. आतां शर्यतींतील होडीचें ठिकाण यंत्र आपोआप कळवितें, खलाशाला विचारीत नाहीं. आज क्रोहर्स्टला खोटें बोलतां आलें नसतें. आणि मॉयतेसिएला नाहींसें होणेंही कठीण गेलें असतें.

‘गोल्डन ग्लोब’ शर्यत २०१८ सालीं जुन्याच साधनांनिशीं पुन्हां भरविण्यांत आली. नौदलाचे अभिलाष टॉमी तींत होते. त्यांची ‘तुरीया’ ही ‘सुहेली’च्या नमुन्यावर गोव्यांत बांधलेली. सप्टेंबरांत हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत वादळानें डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीस जबर दुखापत झाली; उठून चालवेना. संकटापुरतें दिलेलें उपग्रहाचें लहानसें यंत्र त्यांजपाशीं होतें. त्यावर कसेबसे टिपलेले थोडके शब्द किनाऱ्यावर पोंचले, आणि तीन दिवसांनीं ‘ओसिरिस’ ह्या फ्रेंच जहाजानें त्यांना होडींतून उचलून घेतलें. चार वर्षांनीं ते त्याच शर्यतीस पुन्हां उभे राहिले आणि २९ एप्रिल २०२३ रोजीं दुसरे आले.