सर्पदंशावरील प्रतिविष : विष कसे जमवतात, औषध कसे बनते आणि शेतकऱ्यांनी काय करावे

कल्याण, अंबरनाथ, मुरबाड व शहापूर तालुक्यांत भाताची लावणी, बेणणी आणि कापणी ही कामे सापांचा वावर असतानाच येतात. खाचरातील बेडूक आणि बांधातील उंदीर यांच्या मागे साप येतात. विषारी सर्पदंशावर खात्रीचे औषध एकच, ते म्हणजे प्रतिसर्पविष. ते सापाच्या विषापासूनच तयार होते.

चार प्रमुख विषारी साप

- नाग : फणा काढतो. दंशाची जागा सुजते, पापण्या जड होतात, श्वास घेणे कठीण होते.
- मण्यार : काळा, अंगावर पांढरे आडवे पट्टे. रात्री फिरतो. वेदना व खूण जवळजवळ नसते, त्यामुळे दंश लक्षात येत नाही. पहाटे पोटदुखी व पापण्या जड होणे ही धोक्याची लक्षणे.
- घोणस : जाड अंग, साखळीसारखे ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. खूप सूज येते, रक्त गोठत नाही, मूत्रपिंडावर परिणाम होतो.
- फुरसे : लहान साप. अंग घासून करवतीसारखा आवाज करतो. रक्तस्राव होतो.

विष ते औषध

मुंबईत परळ येथे 1899 पासून असलेल्या हाफकिन संस्थेत सर्पविषावर दीर्घकाळ काम झाले आहे. देशातील प्रतिविष उत्पादकांना विषाचा मोठा पुरवठा तमिळनाडूतील इरुला आदिवासींची सहकारी संस्था करते. तेथे परवान्याने पकडलेले साप मातीच्या मडक्यांत काही आठवडे ठेवतात, ठरावीक दिवसांनी विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात.

विष गोठवून कोरडे करतात. त्याची अल्प मात्रा घोड्यांना टोचून ती हळूहळू वाढवतात. घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी करून शुद्ध केली की औषध मिळते. ते वरील चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून किंवा पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नाही.

एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशानुसार बदलते. म्हणून विविध भागांतील विषाचा अभ्यास आवश्यक ठरतो. सह्याद्रीतील हिरव्या चापड्यासाठी मात्र या औषधात वेगळे प्रतिद्रव्य नाही.

गावात याला ‘लस’ म्हणतात, पण ते आधी टोचून ठेवता येत नाही. विषबाधेची लक्षणे दिसल्यावर डॉक्टर साधारण 10 कुप्यांपासून सुरुवात करतात. मात्रा विषावर ठरते, वजनावर नाही. म्हणून लहान मुलालाही मोठ्यांइतकीच मात्रा लागते.

साप घरी ठेवू नका

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार परवानगीशिवाय साप पकडणे, पाळणे किंवा विष काढणे गुन्हा आहे. घरात साप आढळल्यास दूर राहून लक्ष ठेवा आणि वन विभागाला कळवा.

दंश झाल्यास

1. रुग्णाला धीर द्या, चालवू नका. अंगठी, बांगड्या, घट्ट कपडे काढा.
2. हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा.
3. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका.
4. मांत्रिकाकडे वेळ न घालवता 108 वर फोन करून सरकारी रुग्णालय गाठा.
5. दंशाची वेळ व लक्षणे डॉक्टरांना सांगा.

शेतात व घरी काळजी

- बांधावर व कापणीत गमबूट वापरा. बिळात हात घालू नका.
- भाताच्या पेंढ्या व पेंढा उचलण्यापूर्वी काठीने हलवा.
- रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडा.
- जमिनीवर झोपणे टाळा. शक्य नसल्यास मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.
- धान्य बंद कणगीत ठेवून उंदीर कमी करा. धामण उंदीर खाते, तिला मारू नका.

कृषी सहायकांनी पावसाळ्यापूर्वीच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष उपलब्ध आहे का, याची चौकशी करून ती माहिती गावात द्यावी. सर्पदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेसाठी वारसांनी तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी लगेच संपर्क साधावा.