मांडवाची सावली कोणाची?



मोलगीचा माणूस समुद्रावरच्या लग्नमांडवाविषयी बोलणार, हे वाचून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. मोलगी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या डोंगरातले बाजाराचे गाव. तिथे पाणी म्हणजे नाला, नाही तर खाली नर्मदा. समुद्र आम्ही पन्नाशीपर्यंत पाहिला नव्हता. आमची शाळाही सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीत, एस.टी.च्या थांब्यावर आणि कोर्टाच्या ओसरीत. परंतु तीन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या सात पोरांची बुडालेली मजुरी मागण्यासाठी आम्हांस समुद्रापर्यंत जावे लागले, आणि तेव्हापासून मांडव हा विषय आमच्या डोक्यातून गेला नाही. ती हकीकत पुढे येईलच. आधी मांडवाचा इतिहास पाहू.

मंडप हा संस्कृत शब्द. देवळाचा सभामंडप तोच आणि दारापुढचा मांडवही तोच. देवळाचा दगडी असल्यामुळे टिकला व इतिहासकारांच्या नजरेस पडला. लग्नाचा मांडव चार दिवसांचा. पाने वाळली की तो चुलीत जातो. त्यामुळे त्याचा इतिहास शिलालेखांत शोधण्यात अर्थ नाही, तो भाषेत आणि रूढीत शोधला पाहिजे. नव्या कामाचा आरंभ झाला की आपण ‘मुहूर्तमेढ रोवली’ असे म्हणतो. शाळा असो, गिरणी असो की कामगार संघ असो, मेढ रोवली जाते ती मांडवाचीच. मेढीला आंब्याचे डहाळे बांधावयाचे, कुळाचे देवक तिथेच बसवावयाचे. कोणाचे देवक कळंब, कोणाचे उंबर, कोणाचे पंचपल्लव. म्हणजे मांडवाचा खांब हा छपराचा टेकू तर होताच, पण हे कूळ या झाडाचे नातेवाईक आहे याची ती खूणही होती.

कोकणात हाच मांडव वेगळा होतो. तिथे पोफळीचे खांब आणि माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे. गोव्यात त्याला माटव म्हणतात. घाटावर आंबा, जांभूळ, उंबर; आमच्याकडे सागाची नाही तर बांबूची मेढ आणि वर हिरवा पाला. जे रानात असेल ते मांडवावर चढावयाचे, एवढाच पूर्वी सजावटीचा नियम होता.

आता सातपुड्यातला मांडव. आमच्याकडे भिल्ल व पावरा समाजांत मुलाकडचे लोक मुलीकडच्यांना देज देतात. हुंड्याची दिशा इथे उलटी आहे. भटजी नसतो, पंच आणि जाणती माणसे लग्न लावतात. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, हे पुष्कळ शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. आमच्या मांडवाखालचा कायदा हा रूढीचा कायदा आहे. मांडव उभारण्याची रीत लाहाची. लाहा म्हणजे सगळ्या पाड्याने मिळून एकाचे काम करणे. मैदानातले लोक ज्याला इर्जिक म्हणतात तेच. कोणी मेढी आणतो, कोणी पाला, कोणी खड्डे खणतो. मजुरी कोणी मागत नाही, कारण उद्या त्याच्या अंगणात हेच हात येणार असतात. संध्याकाळी ढोल वाजू लागला की ज्याने खड्डा खणला तोच त्या मेढीला टेकून बसलेला दिसतो.

जुने ते सगळे सोन्याचे होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मैदानातल्या गावगाड्यात मांडवाची कामे बलुत्यावर वाटलेली होती. कुंभाराने मडकी द्यावी, माळ्याने मुंडावळ्या आणाव्या, महारांनी लाकूडफाटा वाहावा, मांगांनी वाजवावे. परंतु ज्यांनी लाकूड वाहिले आणि ज्यांनी वाजविले त्यांना मांडवाखाली जागा नव्हती. ते उन्हात उभे राहत आणि पंगत उठल्यावर उरलेले अन्न त्यांच्या पदरी पडे. मांडवाला हात चालत, माणूस चालत नसे. १७८३ साली पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न झाले. त्याच्या चोख व्यवस्थेची वाखाणणी आजही होते; कोण सरदार आले, त्यांची बडदास्त कशी राखली, हे सांगितले जाते. ते मांडव ज्यांनी उभारले त्यांची नावे आम्हांस अजून कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटलेली नाहीत.

या सावलीचा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम जाहीरपणे विचारला तो जोतीराव फुल्यांनी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. भटजीविना, थोड्या खर्चात, वधूवरांनी एकमेकांना वचन देऊन. विरोध इतका होता की मांडवाच्या बंदोबस्ताची चिंता करावी लागली. पुढे गावोगावच्या जोश्यांनी, लग्न आम्ही लावले नसले तरी आमची दक्षिणा बुडते, म्हणून दिवाणी दावे लावले. मांडवाखाली कोणाचा शब्द चालावा, हा प्रश्न असा थेट कोर्टात गेला. आमच्या डोंगरपायथ्याशी तळोदे भागात १९३७-३८ च्या सुमारास गुलाम महाराजांनी आरती सुरू केली आणि दारू सोडावयास सांगितले, तेव्हा लग्नाच्या मांडवातली दारूही हटली. १९७२ नंतर शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या बायकांनी दारूचे गुत्ते फोडले. मांडवात काय यावे आणि काय येऊ नये, याविषयी गरिबांनी स्वतःच विचार केलेला आहे. त्यांना उपदेशाची वाट पाहावी लागली नाही.

गरीब लोक लग्नात उधळतात आणि म्हणून कर्जात बुडतात, असा उपदेश मात्र चालूच असतो. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानेदेखील म्हटले होते की, कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. असो.

पुढे पाल्याच्या जागी कापड आले. कनात, शामियाना, मग लोखंडी नळ्या आणि कृत्रिम धाग्याचे पडदे. लाहाच्या जागी ठेकेदार आला. त्यात सोय आहे हे आम्ही नाकारीत नाही. शहरात सागाची मेढ आणावी कुठून? परंतु हिरवा पाला सहजी पेटत नाही, कृत्रिम कापड क्षणात पेटते. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभाचा मंडप पेटला आणि चारशेंहून अधिक माणसे, त्यांत बहुसंख्य मुले, जळून मेली. २३ जानेवारी २००४ रोजी तामिळनाडूत श्रीरंगम येथे लग्नाच्या सभागृहातला वाळल्या झावळ्यांचा मांडव पेटला. खुद्द नवरदेवासह पन्नासांहून अधिक लोक गेले. तिथे झावळ्या होत्या हे लक्षात घ्यावे. वाळलेला पाला, दिव्याच्या उघड्या तारा आणि अरुंद वाट एकत्र आली की देशी आणि विलायती असा भेद आग करीत नाही.

आणि आता मांडव समुद्रावर गेला. गोव्यात, अलिबागच्या बाजूला, मावळत्या सूर्यासमोर लग्न लावण्याची हौस वाढली आहे. हौसेला आमचा विरोध नाही. परंतु किनारा म्हणजे मोकळे अंगण नव्हे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेपासून भरतीरेषेच्या आतला ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमांखाली आला. त्या नियमांत पुढे २०११ व २०१९ साली फेरफार झाले, तरी परवानगीविना तिथे काही उभारता येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे कर्णे बंद केले आहेत. आणि सरकारच्या नियमांवर समुद्राचा नियम आहे.

तो नियम आमच्या सात पोरांना शिकावा लागला. एका मुकादमाने त्यांना मोलगीच्या बाजारातून उचलले, रोज ५०० रुपये ठरविले आणि किनाऱ्यावर एका लग्नाच्या सजावटीला नेले. नऊ दिवस काम. पांढऱ्या कापडाचा चौखांबी मांडव, फुलांच्या कमानी, वाळूत लाकडी पाटांची वाट. मांडवाची जागा ठेकेदाराच्या माणसाने ओहोटीच्या वेळी, फोटोत सूर्य कसा येईल ते पाहून ठरविली. मासळी घेऊन जाणाऱ्या एका कोळीणबाईने पोरांना वाळलेल्या शेवाळाची रेघ दाखवून सांगितले, ‘पोरांनो, उधाणाचं पाणी हितवर येतं.’ पोरांनी ते त्या माणसाला सांगितले. तो हसला. डोंगरातल्या पोरांनी समुद्र शिकवावा, हे त्यास विनोदाचे वाटले.

लग्नाच्या आदल्या रात्री पौर्णिमा होती. कोळी लोक अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांग. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते; हे सारे कोष्टकात आगाऊ छापलेले असते. मध्यरात्रीनंतर पाणी शेवाळाच्या रेघेपर्यंत आले आणि मांडव घेऊन गेले. पोरांनी अंधारात छातीभर पाण्यात शिरून खांब आणि निम्मे कापड ओढून काढले. त्यांतल्या एकालाही समुद्रात पोहण्याची सवय नव्हती. सकाळी दुसरीकडे मांडव उभा राहिला, लग्न लागले, आणि हिशेबाच्या वेळी पोरांना सांगण्यात आले की नुकसान तुमच्या अंगावर. सात जणांचे नऊ दिवसांचे ३१,५०० रुपये बुडाले.

आम्ही गेलो. भांडण केले नाही. दोन कागद पुढे ठेवले. एक भरतीचे कोष्टक. दुसरा, १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलेला आणि २०१९ च्या वेतन संहितेतही असलेला नियम: मालाच्या नुकसानीबद्दल मजुरी कापावयाची तर ते नुकसान त्या कामगाराच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. आम्ही एवढेच विचारले, ‘जागा कोणी ठरविली? कोष्टक कोणी वाचावयाचे होते?’ दोन दिवस बसलो. आठ दिवसांचे २८,००० मिळाले. नवव्या दिवसाचे ३,५०० मिळाले नाहीत. त्याऐवजी भिजलेले, फाटलेले पांढरे कापड पोरांपुढे टाकण्यात आले. हा विजय होता असे आम्ही म्हणणार नाही.

समुद्रावर मांडव घालावयाचाच असेल त्यांना आमच्यासारख्या डोंगरी माणसाचे चार शब्द. जागा पौर्णिमेच्या भरतीवरून ठरवा आणि ठरविण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारा. वारा दुपारनंतर समुद्रावरून येतो. त्याच्या आड सलग कापड धरू नका, ते शिडासारखे फुगते. त्यापेक्षा विरळ विणलेली झापे बरी. त्यांतून वारा निघून जातो. पण ती हिरवी असोत आणि दिव्यांच्या तारांपासून दूर असोत. पोफळ किंवा बांबू वाळूत खोल गाडून बुंध्याशी वाळूची पोती ठेवा. केळीचे खुंट, आंब्याचे डहाळे, झेंडू आणि अबोली पुरे. प्लास्टिकची फुले समुद्रात जातात. बाहेर पडण्याच्या वाटा दोन तरी असाव्यात. आणि खर्चाची यादी करताना वरच्या ओळीत मजुरी लिहा, फुले त्याखाली.

आमच्याकडे काठी गावी होळीला एक फार उंच बांबू उभा करतात. त्याचा खड्डा हत्याराविना, हातांनी खणण्याची रीत आहे. हजारो माणसे रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात, आणि पहाटे तो बांबू उभा राहतो तेव्हा तो कोणा एकाने उभा केला असे कोणी म्हणत नाही. रीत जुनी आहे. ती ठेक्याच्या मांडवातही पाळता येईल काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

त्या सातांपैकी एकाचे लग्न गेल्या वैशाखात झाले. पाड्याने लाहा करून मांडव घातला. जांभळीच्या पाल्याखाली, जिथे ऊन फटीतून येत होते, तिथे त्यांनी ते समुद्रातून काढलेले पांढरे कापड बांधले होते. धुऊनही त्यावरचा खाऱ्या पाण्याचा डाग गेला नव्हता. बाकीचे सहाजण त्याच्याखाली बसून जेवले. आम्हीही त्यांच्या पंगतीला होतो.