‘मॅराडोना’ सोयाबीन ते ‘चोर बीटी’: तणनाशकाला दाद न देणाऱ्या बियाण्याचा नफा कोणाचा?

१/ १९९० च्या दशकाच्या अखेरीस अर्जेंटिनातून ब्राझीलच्या रियो ग्रांदे दो सुल राज्यात चोरवाटेने सोयाबीनचे बियाणे येऊ लागले. त्याचे टोपणनाव पडले ‘मॅराडोना’. बंदी असलेल्या बियाण्यासाठी शेतकरी एवढी जोखीम का पत्करत होते? #थ्रेड

२/ मुळाशी होता तणाचा खर्च. ग्लायफोसेट हे तणनाशक मोन्सँटो कंपनीने १९७४ मध्ये बाजारात आणले; पण ते तणाबरोबर पीकही जाळी. १९९६ मध्ये त्याच कंपनीचे ‘राउंडअप रेडी’ सोयाबीन आले. जिवाणूपासून घेतलेल्या जनुकामुळे ते फवारणीनंतरही तगून राही.

३/ या बियाण्याची खरी देणगी वाढीव उताऱ्यापेक्षा वाचलेला खर्च आणि वेळ ही होती. अर्जेंटिनात गहू काढताच, जमीन न नांगरता सोयाबीन पेरून त्याच वर्षी दुसरे पीक घेणे सोपे झाले.

४/ या बचतीत वाटा कोणाचा? अमेरिकेत जनुकावर पेटंट होते. बियाणे घेताना शेतकरी करारावर सही करी: एकाच हंगामात पेरायचे, घरचे बी राखायचे नाही. म्हणजे दरवर्षी नवे बियाणे आणि दरवर्षी तंत्रज्ञानाचे शुल्क.

५/ इंडियानातील शेतकरी व्हर्नन बोमन यांनी उशिराच्या पेऱ्यासाठी धान्यकोठारातील स्वस्त सोयाबीन आणले आणि फवारणीत तगलेल्या पिकाचे बी राखले. १३ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या विरोधात निकाल दिला. भरपाई: ८४,४५६ डॉलर.

६/ अर्जेंटिनात मात्र कंपनीला या जनुकाचे पेटंट मिळाले नाही आणि तेथील कायद्याने घरचे बी पेरण्याची मुभा होती. शिवाय सोयाबीन स्वपरागित. राखलेले बी मूळ वाणासारखेच उगवते. बिनलेबलाच्या पिशव्यांतून, ‘बोल्सा ब्लांका’ म्हणून, ते बेकायदा विकलेही जाई. बचतीचा मोठा वाटा शेतकऱ्याकडेच राहिला.

७/ ब्राझीलने २००३ मध्ये तात्पुरती आणि २००५ च्या कायद्याने कायमची वाट मोकळी केली. पण परवानगीबरोबर शुल्कही आले: माल विकताना सोयाबीन तपासून स्वामित्वधन कापले जाऊ लागले. शेतकरी संघटना न्यायालयात गेल्या. ‘मॅराडोना’ फुकट होता, तो चोरटा होता तोवरच.

८/ दरम्यान निसर्गानेही आपला हिशेब मांडला. एकाच औषधाच्या माऱ्यातून न मरणारी तणे निवडली गेली. अमेरिकेतील जॉर्जियाच्या कपाशीत माठाच्या कुळातील एक तण इतके माजले, की मजूर लावून ते हाताने उपटण्याची वेळ पुन्हा आली.

९/ महाराष्ट्रात हीच कथा कपाशीच्या रूपाने आली. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात तणनाशक सहन करणारे जनुक घातलेल्या वाणाचा अर्ज मात्र २०१६ मध्ये मागे घेतला गेला. तरीही ते बियाणे विदर्भात पोहोचले. लोक त्याला ‘चोर बीटी’ म्हणू लागले.

१०/ कारण काळ्या रानात पावसाची झड लागली की वाफसा होत नाही, डवरणी थांबते आणि तण पिकाच्या वर जाते. उघडीप मिळताच साऱ्या गावाला एकाच वेळी निंदणाला मजूर हवे असतात.

११/ १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने हे बियाणे जाहीरपणे पेरले. तेव्हाच्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार शिक्षा होती पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

१२/ पण विदर्भाची स्थिती अर्जेंटिनासारखी नाही. येथील कपाशी बहुतांशी संकरित. घरचे बी पुढच्या वर्षी एकसारखे उगवत नाही. म्हणून दरवर्षी चोरबाजार गाठावा लागतो. पक्की पावती नसते. भेसळ निघाली तर फवारणीत तणाबरोबर कपाशीही जळते आणि भरपाई मागायला दार उरत नाही.

१३/ आणि शेतकऱ्याची जी बचत, ती निंदणाला जाणाऱ्या बायांची बुडालेली मजुरी असते. या वादात त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो.

१४/ चार देश, एकच गुण, पण हिशेब निराळे. तण मारायचे कसे हे प्रयोगशाळेने ठरवले. वाचलेला पैसा कोणाच्या खिशात जाईल, हे मात्र बी राखण्याच्या हक्काने आणि पावतीच्या कागदाने ठरवले.