‘आठ आठवडे’ कुठे गेले? पित्ताच्या गोळीची गोष्ट

घरातला औषधांचा डबा उघडून बघा. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची एखादी पट्टी बहुतेक सापडेलच. सकाळी उठल्यावर चहाआधी एक. ती कोणी सुरू करून दिली हे आठवतं, पण कधीपर्यंत घ्यायची होती हे सहसा कोणालाच आठवत नाही. मग एखाद्या दिवशी व्हॉट्सॲपवर येतं की या गोळीने किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, विसरभोळेपणा येतो. घाबरून गोळी बंद केली, की चार दिवसांत छातीत अशी जळजळ उठते की पट्टी पुन्हा हातात येते.

औषधांचा इतिहास हा माझ्या पीएचडीचा विषय असल्यामुळे मला अनेकदा विचारलं जातं, ‘ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर चालते का हो?’ तुमच्यापुरतं उत्तर तुमचे डॉक्टरच देऊ शकतात. पण हा प्रश्न नवा नाही, एवढं मी सांगू शकते. गोळी बाजारात यायच्या आधीच तो विचारला गेला होता, आणि त्यावरून अख्खं संशोधन थांबलंही होतं. तेव्हा जे सापडलं, त्यातच तुमच्या त्या चौथ्या दिवसाच्या जळजळीचं कारण आहे.

आधी ‘पित्त’ म्हणजे काय?

आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो तेव्हा बहुधा जठरातल्या आम्लाबद्दल बोलत असतो. शाळेच्या पुस्तकातलं पित्त वेगळं, ते यकृतात तयार होतं. आंबट ढेकर, घशाशी येणं, जळजळ या तक्रारी आपल्याकडे जुन्याच आहेत. ‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे. जठरातलं हे आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने दाखवलं. त्याचा निबंध १८२४ मध्ये छापला गेला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. ॲसिड रिफ्लक्स असलेल्या बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त नसतं. ते नको तिथे येत असतं. अन्ननलिका आणि जठर यांच्या सीमेवर स्नायूंचं एक दार असतं. ते सैल पडलं किंवा अवेळी उघडलं, की आम्ल वर येतं. गोळी हे दार दुरुस्त करत नाही. वर येणाऱ्या द्रवातलं आम्ल तेवढं कमी करते.

मग दाराच्या आजारावर आम्लाचं औषध कसं आलं? कारण ही औषधं मुळात शोधली गेली ती दुसऱ्याच आजारासाठी, जठराच्या आणि लहान आतड्याच्या अल्सरसाठी.

दूध, साय आणि खार

१९१० मध्ये कार्ल श्वार्ट्झ या डॉक्टरने मांडलं की जिथे आम्ल नाही, तिथे अल्सर नाही. पुढची सत्तर वर्षं अल्सरचे उपचार याच सूत्रावर चालले. शिकागोच्या बर्ट्रम सिपी यांनी १९१५ मध्ये एक पथ्य प्रसिद्ध केलं. दर तासाला दूध आणि साय, मधल्या वेळात आम्ल मारणाऱ्या खारांच्या पुड्या. रुग्णांना बरं वाटायचं, म्हणून ते महिनोन्‌महिने चालू राहायचं. पण १९२३ पर्यंत या उपचाराचे विषारी परिणाम नोंदवले जाऊ लागले. उलट्या, डोकेदुखी, रक्तात क्षार वाढणं, मूत्रपिंडं बिघडणं. ‘मिल्क-अल्कली सिंड्रोम’ हे नाव त्यातूनच आलं. म्हणजे आम्लाचं औषध दीर्घकाळ घेतल्याने किडनी बिघडते ही तक्रार आजची नाही, शंभर वर्षांपूर्वीची आहे. फक्त तेव्हा औषध दुसरं होतं.

आणि हो, जळजळलं की आपल्याकडेही कपभर थंड दूध पितात. घोटभर आराम मिळतो हे खरं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळाने जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात.

नळ बंद करायचा कुठे?

जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींना तीन ठिकाणांहून हुकूम येतो. मेंदूकडून येणारी चेतातंतूंची वाट, रक्तातून येणारं गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक आणि शेजारच्या पेशींतून येणारं हिस्टामिन. यातली हिस्टामिनची वाट अडवण्याचं काम जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीत केलं. त्यातून आलेलं सिमेटिडीन १९७६ मध्ये तिथे बाजारात आलं. पाठोपाठ १९८१ मध्ये रॅनिटिडीन. अल्सरसाठी पोट उघडण्याची वेळ येणारे रुग्ण एकदम कमी झाले. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं.

पण तीनपैकी एकच वाट बंद झाली होती. स्वीडनमधल्या हेस्ले या कंपनीतले शास्त्रज्ञ थेट नळाकडे गेले. हुकूम कुठूनही येवो, शेवटी पेशीतून आम्ल बाहेर फेकतो तो एक पंप. त्याचं नाव प्रोटॉन पंप. त्यालाच कुलूप घालणारं ओमेप्राझोल त्यांनी १९७९ मध्ये तयार केलं.

उंदरांनी काय सांगितलं?

१९८४ मध्ये काम अचानक थांबलं. उंदरांना आयुष्यभर मोठ्या मात्रेत ओमेप्राझोल देण्याचा प्रयोग चालू होता. त्यातल्या काहींच्या जठरात कार्सिनॉइड प्रकारच्या गाठी दिसल्या. माणसांवरच्या चाचण्या थांबवण्यात आल्या.

आता प्रश्न असा होता की गाठी औषधाने झाल्या की आणखी कशाने? उत्तर गॅस्ट्रिनमध्ये सापडलं. जठरात आम्ल कमी झालं की शरीराला वाटतं, कारखाना बंद पडला. मग ते गॅस्ट्रिनची पातळी वाढवत राहतं. गॅस्ट्रिन हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींना नुसतं कामाला लावत नाही, त्यांची संख्याही वाढवतं. उंदरांत आम्ल जवळजवळ संपूर्ण आणि जन्मभर बंद होतं, त्यामुळे गॅस्ट्रिन प्रचंड वाढलं आणि पेशींच्या गाठी झाल्या. पुढे औषध न देता, उंदरांच्या जठराचा आम्ल तयार करणारा बराचसा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकला, तरी तशाच गाठी दिसल्या. म्हणजे दोष रेणूच्या विषाचा नव्हता, आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवण्याचा होता.

चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. १९८८ मध्ये औषध स्वीडनमध्ये विक्रीला आलं. पुढे नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियातल्या २३० रुग्णांना सरासरी साडेसहा वर्षं, काहींना अकरा वर्षांपर्यंत, ओमेप्राझोलवर ठेवून पाहिलं गेलं. २००० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात एकालाही जठराची तशी गाठ झाली नव्हती. कर्करोगाची मोठी भीती ओसरली. पण गॅस्ट्रिन वाढतं ही गोष्ट माणसांतही खरीच होती. ती हळूच विसरली गेली.

अल्सर गेला, गोळी राहिली

याच काळात ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक अल्सरचं मूळ हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतः ते जिवाणू पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अल्सर आता काही दिवसांच्या प्रतिजैविकांनी बरा होऊ लागला. सोबत पंपाची गोळी लागायची, पण तीही तेवढ्यापुरतीच.

खरं तर इथे गोळीचा खप कमी व्हायला हवा होता. तसं झालं नाही, कारण तोवर तिला रिफ्लक्स सापडला होता. तिथे मारायला जिवाणू नाही, आणि दार तर सैलच राहणार. गोळी घेतली की बरं, सोडली की त्रास. अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा अन्ननलिकेच्या जखमांसाठी ती चार ते आठ आठवड्यांचा उपचार म्हणून मिळाली होती. २००३ मध्ये ती तिथे चिठ्ठीशिवाय मिळू लागली तेव्हाही पाकिटावर १४ दिवसांची मर्यादा होती.

आपल्याकडे गोष्ट आणखी वेगाने घडली. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. २००५ पर्यंत हीच स्थिती होती. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी स्वतःच्या पद्धतीने या गोळ्या बनवल्या आणि स्वस्तात घरोघरी पोहोचवल्या. गरिबाच्या रक्ताळलेल्या अल्सरला त्याचा केवढा फायदा झाला! पण दुखण्याची गोळी, प्रतिजैविक, व्हिटॅमिन, काहीही लिहिलं तरी सोबत ‘एक पित्ताची’ ही सवयही त्यातूनच लागली. त्या चिठ्ठीवर ‘आठ आठवडे’ सहसा लिहिलेले नसतात.

मग भीती खरी की खोटी?

अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये हाडं मोडण्याबद्दल, २०११ मध्ये रक्तातलं मॅग्नेशियम घटण्याबद्दल आणि २०१२ मध्ये आतड्याच्या एका गंभीर संसर्गाबद्दल इशारे दिले. २०१६ मध्ये किडनी आणि स्मृतिभ्रंश यांच्याशी संबंध जोडणारे अभ्यास आले. तुमच्या मोबाइलवर येतात ते याच बातम्यांचे उरलेसुरले तुकडे.

यातले बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत. म्हणजे गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्या जुन्या नोंदी ताडून पाहिलेल्या. पण गोळी मुळात कोणाला दिली जाते? वयस्कर, आधीच आजारी, दहा औषधं घेणाऱ्या माणसाला. मग त्याची किडनी गोळीने बिघडली की आधीच्या आजाराने, हे नोंदींवरून वेगळं काढणं अवघड असतं. म्हणून २०१९ मध्ये छापलेला ‘कंपास’ चाचणीचा निकाल महत्त्वाचा. त्यात १७,५९८ हृदयरुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं विभागून निम्म्यांना पँटोप्राझोल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी सुमारे तीन वर्षं दिली. किडनी, हाडं, स्मृतिभ्रंश यांत ठोस फरक दिसला नाही. आतड्याचे संसर्ग मात्र वाढले, १.० टक्क्यावरून १.४ टक्क्यांवर. तीन वर्षं म्हणजे पंधरा वर्षं नव्हेत हे मान्य, पण ‘विष’ म्हणावं असं त्यात काही नाही. शाकाहारी वाचकांसाठी एक भर: अन्नातलं बी-१२ मोकळं व्हायला आम्ल लागतं. बी-१२ आधीच कमी असेल आणि गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर ते तपासून घ्यावं.

चौथ्या दिवसाची जळजळ

आता विसरलेल्या गॅस्ट्रिनकडे परत येऊ. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग छापला. १२० निरोगी माणसं, ज्यांना पित्ताचा कधी त्रासच नव्हता. अर्ध्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल दिलं आणि पुढचे चार आठवडे, त्यांना कळू न देता, बिनऔषधाची गोळी. उरलेल्यांना बाराही आठवडे बिनऔषधाचीच. शेवटच्या चार आठवड्यांत औषध सुटलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर असे त्रास झाले. दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना.

बघा, आजार नसलेल्या माणसांना औषध थांबल्याने आजाराची लक्षणं आली! गॅस्ट्रिनने वाढवून ठेवलेली यंत्रणा कुलूप निघताच जोरात चालू होते. काही आठवड्यांत ती शांत होते. पण तेवढा धीर धरायचा असतो हे कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून आपण चौथ्या दिवशी ठरवून टाकतो, ‘माझं गोळीशिवाय चालत नाही.’

तेव्हा प्रश्नच बदलायला हवा. ‘गोळी वाईट का?’ असं विचारण्यापेक्षा ‘ती कशासाठी सुरू केली होती आणि ते कारण अजून आहे का?’ असं डॉक्टरांना विचारा. अन्ननलिकेला मोठ्या जखमा झालेल्या असतील, बॅरेट नावाचा अन्ननलिकेचा बदल असेल, किंवा रक्तस्रावाचा धोका असताना ॲस्पिरिन वा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ही गोळी तुमचं रक्षण करते आहे. मेसेज वाचून ती बंद करू नका. तसं कारण नसेल, तर मात्रा कमी करता येईल का, टप्प्याटप्प्याने सोडायची की एकदम, मधल्या आठवड्यांत जळजळ झाली तर साधं अँटासिड चालेल का, हे विचारून घ्या. गोळीच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल तर त्यात बहुधा डोम्पेरिडोनही असतं. हृदयाच्या ठोक्यांवरच्या परिणामामुळे युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये ते फक्त मळमळ-उलटीसाठी आणि सहसा आठवडाभरच घ्यावं असं ठरवलं. ते अजून हवंय का, हेही विचारा.

दारासाठी मात्र काही गोष्टी घरीच करता येतात. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा, नुसत्या उशा रचून भागत नाही. डाव्या कुशीवर झोपा. पोटाचा घेर कमी करा. आणि गिळताना अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी, विनाकारण वजन उतरणं यातलं काही असेल, तर पट्टी शोधू नका, दवाखाना गाठा. छातीतली जळजळ घामासह आली, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, तर ‘पित्तच असेल’ म्हणत वाट बघू नका.