लघुपटकारांची उमेदवारी

पूर्ण लांबीचा चित्रपट गाजला की त्याच्या दिग्दर्शकाचे नाव सर्वतोमुखी होते; परंतु त्याआधी त्याने केलेल्या दहा-वीस मिनिटांच्या लघुपटाची आठवण क्वचितच कोणाला असते. भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, गेल्या काही दशकांतील महत्त्वाच्या दिग्दर्शकांचा प्रवास पाहिला, तर त्यांच्यापैकी अनेकांची खरी ओळख प्रथम लघुपटातच झाली, असे दिसून येते. हे लघुपटकार कोणत्या क्षेत्रांतून आले, त्यांनी साधने कशी मिळवली आणि लघुपटानंतर त्यांचे काय झाले, याचा हा धावता आढावा.

लघुपट म्हणजे काय?

लघुपटाची सर्वमान्य अशी एकच व्याख्या नाही. ऑस्कर पुरस्कारांसाठी ४० मिनिटांपर्यंतची लांबी ग्राह्य धरली जाते, तर कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटांची आहे. 'स्वतंत्र' लघुपट म्हणजे मोठ्या निर्मितीसंस्थेच्या वा वितरकाच्या आधाराविना, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या निर्णयाने घडलेला लघुपट, असा ढोबळ अर्थ घेता येईल. त्याला तिकीटखिडकी नसते. झालेला खर्च भरून निघण्याची नियमित सोयही नसते. त्यामुळे पहिल्या लघुपटाचा खर्च कोणी सोसला, या प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक लघुपटकारांची पार्श्वभूमी दडलेली असते.

आरंभीचे दोन मराठी लघुपटकार

या परंपरेचा आरंभ मुंबईत होतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे व्यवसायाने छायाचित्रकार होते. इंग्लंडहून मागविलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण केले. १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या स्वागताचेही चित्रण त्यांनी केले. पुढे मात्र त्यांनी चित्रणाचा व्यवसाय सोडला आणि ते गेइटी नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाकडे वळले.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळके यांनी छायाचित्रण आणि मुद्रण हे दोन्ही व्यवसाय केले होते. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटासाठी भांडवल उभे करणे आवश्यक होते. त्यासाठी १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे एकेक चौकटीने चित्रण करून एक छोटा चित्रपट तयार केला आणि तो दाखवून भांडवलदाराचा विश्वास संपादन केला. लघुपट हे दिग्दर्शकाच्या कुवतीचे तारण होय, ही रीत अशा प्रकारे भारतीय चित्रपटाच्या जन्माआधीच पडली. ती आजही टिकून आहे.

सरकारी आश्रयाचा काळ

लघुपटकाराला नियमित काम आणि हमखास प्रेक्षक मिळाले, ते फिल्म्स डिव्हिजनमुळे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे माहितीपट आणि वृत्तचित्रे मुख्य चित्रपटाआधी दाखविणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. या चौकटीत प्रचाराचा भाग मोठा होता. तरीही साठच्या दशकात प्रमोद पती आणि एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्यांनी तेथे राहून धाडसी प्रयोग केले. 'एक्सप्लोरर' (१९६८) हा पती यांचा लघुपट त्याचा उत्तम नमुना आहे. 'इंडिया ६७' करणाऱ्या एस. सुखदेव यांच्यासारख्या बाहेरच्या दिग्दर्शकांनाही या संस्थेकडून काम मिळाले. दूरचित्रवाणी घरोघर पोहोचल्यावर या व्यवस्थेचे महत्त्व ओसरत गेले. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले.

समाजशास्त्रातून कॅमेऱ्याकडे

चित्रपटाचे कोणतेही औपचारिक शिक्षण नसताना लघुपटाकडे वळलेल्यांमध्ये सुमित्रा भावे (१९४३–२०२१) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या भावे या समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि अध्यापक होत्या. झोपडपट्टीतील स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास करीत असताना, आपले निष्कर्ष ज्यांच्याविषयी आहेत त्या स्त्रियांपर्यंत पोहोचवायचे असतील तर छापील अहवाल उपयोगाचा नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून 'बाई' (१९८५) हा लघुपट जन्माला आला. त्यानंतर 'पाणी' (१९८७) आला. या दोन्ही लघुपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी 'दोघी' (१९९५) पासून पूर्ण लांबीचे चित्रपट केले. त्यांच्या 'कासव' या चित्रपटाला २०१६ या वर्षासाठीचे सुवर्णकमळ मिळाले. माणसाला प्रश्न विचारण्याची अभ्यासकाची सवय त्यांच्या चित्रपटांतून अखेरपर्यंत दिसत राहिली.

संस्थेची वाट

पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट ही लघुपटकारांची दुसरी मोठी वाट. येथे विद्यार्थ्याला साधने, तंत्रज्ञ सहकारी आणि पदविका लघुपटाचा खर्च संस्थेकडून मिळतो. फिल्म महाग होती त्या काळात या सोयीचे मोल फार मोठे होते. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' हा येथे घडलेला पदविका लघुपट. चरितार्थासाठी आईने घरातच बसविलेली पिठाची गिरणी आणि तिच्या घरघरीने कोंडीत सापडलेला शाळकरी मुलगा, एवढ्याच ऐवजावर तो उभा आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यानंतर 'वळू' (२००८), 'विहीर' आणि राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला 'देऊळ' (२०११) असे चित्रपट त्यांनी दिले. लघुपटाशी असलेले नाते मात्र त्यांनी तोडले नाही. लघुपटांचे जाहीर प्रदर्शन आणि त्यावर चर्चा घडविणारा 'आरभाट शॉर्ट फिल्म क्लब' पुण्यात त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला.

याच संस्थेच्या विद्यार्थिनी पायल कपाडिया यांचा 'आफ्टरनून क्लाउड्स' २०१७ मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात निवडला गेला. सात वर्षांनी, २०२४ मध्ये, त्यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला तेथील ग्रां प्री सन्मान मिळाला. त्याच वर्षी कानच्या विद्यार्थी विभागात पहिले पारितोषिक मिळविणारे चिदानंद नाईक हे शिक्षणाने डॉक्टर. पुण्यातील संस्थेच्या एक वर्षाच्या दूरचित्रवाणी अभ्यासक्रमात त्यांनी तो कन्नड लघुपट तयार केला होता.

जेऊरहून, मुंबईहून

संस्थेचे दार सर्वांसाठी उघडत नाही. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वाढलेले नागराज मंजुळे पुणे विद्यापीठातून मराठी साहित्यात एम. ए. झाले आणि नंतर अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यास शिकले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्या अभ्यासक्रमाने त्यांच्या हाती कॅमेरा दिला. शाळेची ओढ लागलेल्या, पण जन्माने चोरीच्या वाटेवर ढकलल्या गेलेल्या मुलाची कथा सांगणारा 'पिस्तुल्या' हा त्यांचा पहिला लघुपट. ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो कथाबाह्य विभागात दिग्दर्शकाचा सर्वोत्कृष्ट पहिला चित्रपट ठरला. त्यातील बालकलाकार सूरज पवार पुढे 'फँड्री' आणि 'सैराट' (२०१६) या चित्रपटांतही दिसला. 'सैराट'च्या प्रचंड यशानंतर मंजुळे पुन्हा लघुपटाकडे वळले, हे विशेष होय. पाऊस म्हणजे आनंद, या शाळेतल्या निबंधाच्या ठरीव कल्पनेला गळक्या घरातून उत्तर देणाऱ्या 'पावसाचा निबंध'ने त्यांना ६५व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील दिग्दर्शनाचा मान मिळवून दिला.

चैतन्य ताम्हाणे यांची वाट मुंबईच्या मध्यमवर्गातून आली. त्यांनी इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले. दूरचित्रवाणी मालिकांचे लेखन आणि नाटक यांचा अनुभव घेतल्यावर त्यांनी दार्जिलिंगच्या चहामळ्यांच्या पार्श्वभूमीवर 'सिक्स स्ट्रँड्स' (२०१०) हा लघुपट केला. चार वर्षांनी त्यांच्या 'कोर्ट'ने व्हेनिस महोत्सवात दोन पारितोषिके पटकावली. हैदराबादेत वाढलेले नीरज घायवान अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचे पदवीधर. नोकरी सोडून ते सहायक दिग्दर्शक झाले आणि लघुपटांच्या अनुभवानंतर त्यांनी 'मसान' (२०१५) केला. 'ज्यूस' (२०१७) या लघुपटात त्यांनी बाहेर कूलरच्या गारव्यात बसलेले पुरुष आणि उकाड्याच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायका यांच्यातली दरी दाखविली. 'खिसा' या मराठी लघुपटासाठी ६७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पहिल्या चित्रपटाचा मान मिळविणारे राज मोरे हे तर मुळात चित्रकार.

साधने सोपी, वाट अवघड

२००५ मध्ये आलेले यूट्यूब आणि २००८ नंतर चित्रणासाठी सर्रास वापरले जाऊ लागलेले डीएसएलआर कॅमेरे यांमुळे लघुपट बनविणे आणि दाखविणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले. वितरणाचा प्रश्न काही अंशी सुटला. उत्पन्नाचा मात्र सुटला नाही. 'ज्यूस'सारखे लघुपट प्रायोजित वाहिन्यांवरून लाखो प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. पण प्रायोजक मिळतो तो बहुधा ज्याचे नाव आधीच झालेले असते त्याला. इतरांसाठी महोत्सव उरतात. तेथे कौतुक होते, प्रमाणपत्र मिळते, क्वचित पुढच्या चित्रपटाचा निर्माता भेटतो. या सर्वांची बेरीज पोट भरण्याइतकी होईलच असे नाही. म्हणूनच अनेक लघुपटकार जाहिरातपट, संकलन, अध्यापन वा मालिकांचे लेखन करून आपली उमेदवारी चालू ठेवतात.

वरील नावे यशस्वी झालेल्यांची आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. एक चांगला लघुपट करून थांबलेल्यांची यादी कोणी ठेवलेली नाही, आणि ती याहून कितीतरी लांब असणार. ज्याचा पुढचा चित्रपट येतो त्याचाच पहिला लघुपट मागे वळून पाहिला जातो, ही या क्षेत्रातली कटू वस्तुस्थिती आहे. मंजुळे किंवा घायवान यशानंतरही या प्रकाराकडे परततात, त्याअर्थी लघुपट ही मोठ्या चित्रपटाची केवळ पायरी नव्हे. वीस मिनिटांत संपणारी गोष्ट वीस मिनिटांतच सांगावी लागते. ती सांगणाऱ्याला पहिल्याइतकीच दुसरी संधी मिळावी, एवढी व्यवस्था फाळक्यांच्या वाटाण्याच्या रोपानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी आपल्याला उभारता आलेली नाही.